लोंढ्याला उतरलेली पोरगी

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय रविराज,

आक्काचे पोटभर आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, तुझे दाजी बारा महिने. तुझं पित्त कसं आहे? फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस. पत्रात तुला गप्प बसावं लागतं.

तर तुझ्या पुस्तकावरचा सिनेमा बघितला. (पुस्तक शाळकरी पोरांसाठी आहे म्हणतात, तरी मी तीनदा वाचलंय.) सूनबाई सौम्यानं आम्हा दोघांना नेलं. दाजी पहिल्या गाण्यालाच झोपले आणि शेवटच्या पाटीला उठून 'लई भारी' म्हणाले. पुस्तकातली तुझी राणी सावळी, दात थोडे पुढं. (म्हणजे मीच. ओळखलं मी, त्यावर भेटल्यावर भांडू.) सिनेमातली राणी लोण्यासारखी. घरच्यांनी तिची शाळा बंद केली म्हणून आपल्या सांबऱ्यातनं पळते, सगळा माळ तुडवते, पण वेणीची रिबीन सुटत नाही. वर पुण्याचं बोलते, "बाबा, मला समुद्र पाहायचाय." आपल्या आप्पांना कुणी 'बाबा' म्हटलं असतं तर त्यांनी मागं वळून बघितलं असतं, मागं कोण उभं आहे म्हणून. सिनेमातल्या म्हशीनं तेवढं काम चोख केलंय.

पण लोंढा स्टेशन आलं आणि माझं हसू थांबलं. तुझ्या पुस्तकात राणी गोव्याच्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवते, घाबरते आणि मागं फिरते. संध्याकाळी आप्पा येतात, तिला घरी नेतात. सिनेमात ती मागं फिरतच नाही. गाडी हलते. बोगदा, उजेड, परत बोगदा, धुक्यातनं पांढरा धबधबा, आणि मग नुसता समुद्र. मी खुर्चीत होते की डब्यात, मला सांगता येणार नाही. तोंडावर वारा येत होता (सौम्या म्हणते तो एसी), पायाखालची वाळू हळूहळू सरकत होती, आणि मी तेरा वर्षांची, परकर गुडघ्यापर्यंत भिजलेला. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं हो? रडतायसा कशाला?" मी म्हटलं, "पोचले."

घरी येताना रिक्षात सौम्या म्हणाली, "आई, पुस्तकच खरं वाटतंय. सिनेमावाल्यांनी शेवट गोड केलाय." पण खरं दोन्हीकडं न्हाय, रविराज. मी घाबरले नव्हते. मी डब्यात चढले होते, खिडकी धरून बसले होते. तू सहा वर्षांचा, सकाळी माझ्या मागं लागून आलेला. इंजिनाची शिट्टी ऐकलीस आणि "आक्का, आईकडं जाऊया" म्हणून असं भोकाड पसरलंस की डब्यातली माणसं मलाच शिव्या द्यायला लागली. शेवटी तुला काखोटीला मारून उतरले. गाडी गेली. तू लगेच गप्प झालास आणि भजी मागितलीस. पुढं तुझी शाळा झाली, कॉलेज झालं, पुस्तकं झाली. माझी शाळा काही परत उघडली नाही. आणि त्या पुस्तकात तू स्वतःला गाळलंस, मला मात्र भित्री करून ठेवलंस. सिनेमा खोटा आहे, कबूल. पण त्या खोट्यानंच मला पल्याड नेलं.

असो. राग नाही. वेळेवर जेव.

तुझी,
जयाआक्का

ता. क. राग आहे. नव्या आवृत्तीत 'घाबरली' हा शब्द खोड.

ता. क. दुसरा. खरं काम हे : अठ्ठावन्न वर्षांची झाले, खरा समुद्र अजून बघितलेला नाही. दाजी म्हणतात, "सिनेमात बघितलास की, आणि किती बघणार?" पुढच्या महिन्यात रजा टाकून ये. लोंढ्यावरनं जाणाऱ्या गाडीची दोन तिकिटं काढ, तुझं आणि माझं. खिडकी माझी. आणि आत्ताच सांगून ठेवते, रडायला लागलास तर या खेपेला मी उतरणार न्हाय.