न पुसलेली फरशी

बाई, आज मिरजगावात मावशीच्या खोलीत मी फरशीवर खडूनं श्वसनाचा धडा काढला. मधे गोल, गोलात शब्द, चहूबाजूंनी फांद्या, एका फांदीवर एकच शब्द. मावशी बांगड्यांच्या पेट्या टेम्पोत ठेवायला निघाली होती, ती दारातच थांबली. "अगं, माणसानं चालायचं कुठनं? फरशी हाय का फळा?" मी म्हटलं, कडेकडेनं जा. मग लक्षात आलं, हे तर तुमचं वाक्य.

देवळालीला तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही दहावी नापास झालेल्या तिघीजणी यायचो. वहीत काढलेलं वहीतच राहतं म्हणून तुम्ही सगळा धडा शहाबादी फरशीवर पसरायचात. एक फांदी माठाकडं, एक शेगडीकडं, एक देवळीतल्या मिठाच्या बरणीकडं. अजून मला फुप्फुसं आठवायची तर आधी माठ आठवावा लागतो. त्याच्यावरचं पितळी झाकण, त्याला पडलेला पोचा, तो पोचा कुणी पाडला म्हणून आमची लागलेली भांडणं... हे बघा, मी परत भरकटले. उत्तरं लिहायला तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पानांची मागची बाजू द्यायचात. एकदा माझा असाच कागद उचलून म्हणाला होतात, "हा धडा आहे का एसटीचा रस्ता? नाकातून निघालीस ती थेट अकोल्याला पोचलीस." दोघी हसल्या होत्या. मला राग आला नव्हता, कारण मी खरंच अकोल्याचा विचार करत होते.

तुमचा नियम एकच. कळलं नाही तिथली फांदी मोकळी ठेवायची, आणि पूर्ण धडा तोंडी सांगितल्याशिवाय फरशी पुसायची नाही. सांगून झालं की तुम्ही ओलं फडकं हातात द्यायचात. ते फडकं मिळालं की मला पास झाल्यासारखंच वाटायचं.

त्या दिवशी जुलैच्या फेरपरीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. दोघी येऊन गेल्या होत्या, मी उशिरा आले. तुम्ही पाटावर बसून होतात, बोलताना मधे मधे थांबून दम घेत होतात. म्हणालात, "उद्या मुलगा पुण्याला दवाखान्यात नेतोय. काय अडलं असेल ते आजच विचार." मागच्या दाराकडं जाणारी फांदी मोकळी होती. शरीरात हवा जाते ते कळलं होतं. पेशीत पुन्हा श्वसन कसलं, ते कळत नव्हतं. पण मागच्या दारी रस्त्यावर जीप उभी होती. मैत्रिणीच्या घरचे भंडारदऱ्याला निघाले होते, एक जागा होती. मी गाइडात बघून पटकन लिहिलं, ग्लायकोलायसिस.

"कळलं का?"

"व्हय, बाई."

"मग सांग."

"जीप सुटंल ना, बाई."

तुम्ही हसलात. "जा. आल्यावर सांग." मी त्या फांदीवरूनच पळाले.

दोन दिवसांसाठी गेलेली मी आठ दिवस राहिले. तिकडं भाताची लावणी चालली होती, कधी पाहिली नव्हती, म्हणून चिखलात उतरले आणि तिथंच रमले. परत आले तर तुमच्या दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई गेल्या की गं. दवाखान्यातच वारल्या. तुला कुनी सांगितलं न्हाई?" मी घराला वळसा घालून मागच्या खिडकीतून आत बघितलं. धडा तसाच होता. माठ, शेगडी, बरणी, सगळ्या फांद्या जागेवर. मागच्या दाराशी माझ्या टाचेनं खडू फरफटलेला. तुम्ही घर बंद करून जातानाही तो पुसला नव्हता.

परीक्षेत तोच प्रश्न आला. सगळी फरशी डोळ्यांपुढं उभी राहिली, अक्षर न् अक्षर, आणि दाराशी ती टाच. मी कोरा पेपर देऊन उठले. नंतर मावशीच्या टेम्पोतून गावोगावचे बाजार फिरले, पण जिथं जिथं शहाबादी फरशी दिसते तिथं मी अजून पाय जपून टाकते.

यंदा विज्ञानाचा पेपर परत देतेय. मावशीची मुलगीही दहावीलाच. दुपारी ती माझ्या मोकळ्या फांदीशी उकिडवी बसली. "अगं ताई, श्वास म्हंजी हवा आत-बाहेर. आन् पेशीत त्याच हवेतला ऑक्सिजन वापरून खाल्लेल्या अन्नातनं ताकद निघती. एवढंच तर हाय!" एवढंच होतं, बाई. तुम्हाला दोन मिनिटं लागली असती. मी तिला पूर्ण धडा तोंडी सांगितला, कुठंही न अडखळता. तिनं फडकं भिजवून, पिळून माझ्यापुढं धरलं. "झालं की. पूस आता."

मी ते वाळत टाकलं.

हा कागद कॅलेंडरचा आहे, मागची बाजू, तुम्ही वापरायचात तशी. कुठं टाकायचा ते मला माहीत नाही, म्हणून पुस्तकात त्याच धड्यात ठेवतेय. त्या दिवशी मला कळलं नव्हतं, बाई. मी व्हय म्हटलं. आणि मला वाटतं, ते तुम्हाला कळलं होतं.