घरट्यातले सहा थर्न

मी, तुळजाबाई शेषेराव बिरादार, वय सदुसष्ट, काम घरचं आणि वाचनाचं, राहणार शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. रक्तदाबाची गोळी सकाळीच घेतली आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी गोड बोलूनही लिहून घेतलेलं नाही. वकील सिद्धलिंग स्वामी यांनी एक छापील नमुना दिला होता. त्याची सुरुवात देह नाशवंत असल्याच्या वाक्याने होती. ते मी काढून टाकलं. माझे मालक शेषेराव गेल्यापासून ही गोष्ट मला छापून सांगायची गरज राहिलेली नाही.

हे लिहायला मी दोन वर्षं टाळाटाळ केली. कारण एका प्रकरणात मी साक्षीदार होते, आणि साक्षीदाराने मरून चालत नाही. मागच्या सोमवारी ते प्रकरण मिटल्याचा शेवटचा कागद आला. त्या दिवशी मी दुपारी जेवून आडवी झाले ती दिवेलागणीला उठले. आता लिहायला हरकत नाही.

कलम १. राहतं घर, तीन खोल्या, वर पत्रे. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस माझे दीर केरबा यांची भिंत, उत्तरेस गंगम्मा कोरे यांचं अंगण, दक्षिणेस मोकळी जागा. हे घर माझी एकुलती मुलगी शिल्पा, राहणार नायगाव, जिल्हा नांदेड, हिचं आहे. पत्र्यांकडे बघून तिने नाक मुरडू नये. किल्लारीच्या भूकंपानंतर इकडे मातीच्या माळवदाखाली कोणाला झोप लागत नव्हती. शेषेरावांनी स्वतः माळवद उतरवलं आणि पत्रे घातले. उन्हाळ्यात घर तापतं. पण "डोक्यावर पडलं तरी माणूस उठून पाणी मागतंय," असं ते म्हणायचे. दक्षिणेच्या मोकळ्या जागेचं कलम सहामध्ये येईल. केरबांनी आधी तेच पान उघडू नये.

कलम २. बँकेत जे असेल ते आणि माझ्या पाटल्या शिल्पाने आणि तिची मुलगी तनुजा हिने निम्म्यानिम्म्या घ्याव्यात. मंगळसूत्र तनुजाचं. मोडून मोबाईल घेतला तरी मी काही म्हणायला येणार नाही.

कलम ३. बसस्टँडमागचं वर्कशॉप, त्यातली लेथ, ड्रिल मशीन, दोन वाइस आणि सगळी हत्यारं मालकांचे भागीदार चांदपाशा महेबूब शेख यांना द्यावीत. पाटीवर एकट्या शेषेरावांचं नाव आहे म्हणून सगळं बिरादारांचं, असं कोणी समजू नये. पाटी रंगवणाऱ्याला जागा कमी पडली आणि दुसरी पाटी करायचा दोघांनाही कंटाळा. विहिरीच्या मोटारींचे शाफ्ट, रसवंतीचे रोलर, ट्रॅक्टरचे बुश, सगळं दोघांनी मिळून केलं. त्यांचा एक नेम होता. वस्तू तयार झाली की एकाने माप घ्यायचं आणि पोगराने, म्हणजे टोकदार पंचाने, तिच्यावर एक टिंब ठोकायचं. मग दुसऱ्याने पुन्हा माप घ्यायचं आणि शेजारी दुसरं टिंब ठोकायचं. दोन टिंबं पडल्याशिवाय वस्तू उंबऱ्याबाहेर जायची नाही. गिऱ्हाईक बाहेर कितीही बोंबलू दे.

कलम ४. माझी पुस्तकं, कपाटासकट, सार्वजनिक वाचनालयाला. मी शाळेत गेलेली नाही. बेअरिंग गुंडाळून यायची त्या तेलकट वर्तमानपत्रांवरून मी अक्षरं ओळखायला शिकले. सगळ्या बातम्या अर्ध्या फाटलेल्या. पूर्ण गोष्ट वाचायला मिळावी म्हणून पुढे वाचनालयात जायला लागले. ग्रंथपाल रामकिशन शेळके यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "काकू, कोणासाठी नेताय?" त्याबद्दल त्यांना माफ केलं आहे. पुस्तकांवर हळदीची बोटं आहेत, ती पुसू नयेत.

कलम ५. हे खरं तर पहिलं कलम असायला हवं होतं.

वर्कशॉपवर ठेवलेल्या माझ्या लोखंडी ट्रंकेत, कापसात ठेवलेली, पितळ आणि निळ्या काचेची सहा काडतुसं आहेत. मी शपथेवर सांगते की ती काडतुसं नाहीत. त्यांत दारू नाही, कधी नव्हती. माझ्यामागे ट्रंक उघडणाऱ्याने घाबरू नये, ओरडू नये, फोन करू नये. आधी हे कलम शेवटपर्यंत वाचावं.

तनुजा मोबाईलवर एक लढाईचा खेळ खेळते. त्यात दुसऱ्या एका सूर्याभोवती राहणारे व्हेरान नावाचे चार हातांचे लोक आहेत. त्यांच्या काडतुसाला थर्न म्हणतात. थर्न कारखान्यात होत नाही, खाणीत वाढतो, एका घरट्यात सहा. सहाही एकत्र असले की झोपलेले असतात. एक उचलला की तो जागा होतो, निळा लुकलुकायला लागतो. शत्रूच्या चिलखताला सराट्याच्या काट्यासारखा चिकटतो, लुकलुकणं वाढत जातं आणि मग फुटतो. व्हेरानांचा एक दंडक आहे. थर्न उचलण्याआधी उचलणाऱ्याने आपलं पूर्ण नाव घ्यायचं. नाव न घेता उचलला तर तो हातातच फुटतो. मला ही गोष्ट आवडली. शस्त्र उचलणाऱ्याने कोण उचलतंय एवढं तरी सांगावं.

शेषेरावांना डॉक्टरांनी जड काम बंद केलं होतं. दिवसभर बाजेवर बसून ते येईल त्या माणसावर खेकसायचे. सुट्टीला आलेल्या तनुजाने त्यांना थर्न दाखवला.

"कोणत्या धातूचं हाय हे?"

"आजोबा, ते खरं नाही ओ. खेळातलं आहे."

"खरं नसंना. माप तर असंल का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपवर गेले. पंपांचे जुने पितळी बुश घेतले, माझ्या निळ्या बांगड्या घेतल्या, मला न विचारता. चांदपाशांनी लेथवर खरादलं, शेषेरावांनी कानशीने काटे कोरले. आत छोटा दिवा, बटणाएवढा सेल, टिकटिक करणारी एक चकती. सहांना बसायला घरटं केलं, त्यात लोहचुंबक बसवलं. थर्न घरट्यात असला की दिवा बंद, उचलला की चालू, टिकटिक वाढत जाऊन थोड्या वेळाने आपोआप बंद. दोघं म्हातारे उचलून ठेवायचे आणि पोरांसारखे हसायचे. मी डबा घेऊन गेले की शेषेराव छाती काढून म्हणायचे, "मी शेषेराव ग्यानोबा बिरादार!" आणि मगच उचलायचे. चांदपाशा म्हणायचे, "भाभी, दादाला म्हणावं सासरवाडीला पण एवढ्या थाटात नाव घेतलं नव्हतं." मालकांचे शेवटचे दिवस असे गेले. सहाव्या थर्नवर चांदपाशांचं टिंब पडलं आणि शेषेरावांचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

पुढचं सगळं शिरूरला ठाऊक आहे, पण ज्याला जसं सोयीचं तसं. म्हणून लिहून ठेवते. मालकांचा महिना झाल्यावर दीर केरबा जागेचे कागद शोधायला वर्कशॉपवर गेले. ट्रंक उघडली. एक थर्न उचलला. तो जागा झाला. केरबांनी तो हौदात फेकला. पाण्यातही तो लुकलुकतच राहिला, कारण ते मोटारी दुरुस्त करणाऱ्यांचं काम होतं, आत पाणी शिरत नसतं. केरबा ओरडत रस्त्यावर आले, "वहिनीच्या ट्रंकात बॉम्ब हाय! पळा!" भूकंप पाहिलेलं गाव. ओरडलं की आधी मोकळ्या मैदानात. सगळं बसस्टँड रिकामं झालं, एस.टी.च्या गाड्या बाहेरच थांबल्या.

इथवर हसण्यासारखं आहे. यापुढे नाही. पोलिसांना एक फोन गेला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की वस्तू चांदपाशाच्या हातची आहे, त्याचं टिंब आहे तिच्यावर.

ठाण्यातल्या साहेबांनी मला विचारलं, "मावशी, काय आहे हे?"

मी खरं ते सांगितलं, "परग्रहावरच्या लोकांचं काडतूस आहे साहेब."

"कोणत्या ग्रहावरच्या?"

"ते तनुजाला विचारावं लागेल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्या खरं बोलण्याचा त्या दिवशी काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी चांदपाशांना विचारलं, की टिंबं कसली, खूण कसली. चांदपाशांना म्हणता आलं असतं, की ज्याने केलं तो मेला, मला काय माहीत. ते म्हणाले, "टिंब माझंच हाय साहेब. दुसरं दादाचं. काम दोघांचं हाय, मी झूट काहून बोलू?" त्यांना ठाण्यातच ठेवून घेतलं. त्यांची बायको फरीदा माझ्या पायरीवर बसून होती. मी डाळ टाकली, पण ती दोघींनीही खाल्ली नाही.

चांदपाशा सुटून घरी आले. प्रकरण मात्र तपासणीच्या अहवालासाठी थांबलं, ते थांबलंच. त्यांच्या मुलाला, अबुजरला, बाहेरदेशी नोकरी लागली होती. वडिलांच्या नावापुढे हे प्रकरण असल्यामुळे त्याचा पासपोर्ट अडकला. काही गिऱ्हाइकांनी मोटारी दुसरीकडे नेल्या. "काहीतरी असंलच की," असं लोक म्हणायचे, आणि सगळ्यांत आधी केरबा म्हणायचे. बनवताना बघणारी मी एकटी उरले होते. दर तारखेला जायचं, तेच सांगायचं. जिना चढताना छातीत धडधडायचं आणि मी मनात म्हणायचे, आज नको.

शेवटी यंदा उन्हाळ्यात अहवाल आला. पितळ, काच, घड्याळाचा सेल, खेळातल्या वस्तूची नक्कल, धोका नाही. सहाही थर्न परत मिळाले. अबुजर गेला. त्याने पहिला फोन मला केला, "चाची, इथे वाळू लई हाय." मी म्हटलं, "असू दे बाबा. बघायला तरी पोचलास."

खेळातला नियम काही असो, या घरट्याची वाटणी करावी. एक थर्न तनुजाला. एक शिल्पाला. एक अबुजर परत येईल तेव्हा त्याला. एक वाचनालयाला, पेपरवेट म्हणून, म्हणजे रोज कोणीतरी उचलेल. सहावा, ज्याच्यावर एकच टिंब होतं, तो चांदपाशांना. त्यावर दुसरं टिंब परवा मी ठोकलं. हातोडी निसटली, टिंब जरा वाकडं पडलं. चांदपाशांनी माप घेतलं आणि म्हणाले, "पास." पाचव्याचं पुढच्या कलमात.

कलम ६. दक्षिणेची मोकळी जागा केरबा ग्यानोबा बिरादार यांना हवी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. ती त्यांना द्यावी, पण एका अटीवर. त्यांनी वर्कशॉपवर जावं, चांदपाशांसमोर उभं राहून आपलं पूर्ण नाव घ्यावं, पाचवा थर्न स्वतःच्या हाताने उचलावा आणि टिकटिक थांबेपर्यंत धरून ठेवावा. पळाले तर जागा गंगम्मांच्या म्हशीला. वकील म्हणतात म्हशीला जागा देता येत नाही. मग गंगम्मांना.

कलम ७. वरचं कलम मी काल लिहिलं. ते तसंच ठेवावं, खोडू नये. आज सकाळी काय झालं ते इथे जोडते.

हे पान मी काल वकिलांना दाखवून आणलं, आणि त्यांच्याकडच्या टायपिस्टाच्या पोटात काही राहत नाही. केरबा सकाळीच माझ्या दारात आले.

"वहिनी, जित्तेपणीच तमाशा करून राहिल्या का माझा?"

"मेल्यावर मला दिसणार नाही, भाऊजी."

ते तसेच वर्कशॉपकडे निघाले. मी चप्पल घालून मागे. चांदपाशा लेथवर होते, त्यांनी मशीन बंद केलं. ट्रंकेतलं घरटं मी टेबलावर ठेवलं. केरबा त्याच्यापुढे नुसते उभे राहिले. त्यांचेही केस आता पांढरे झाले आहेत. मला वाटलं, जातील.

"मी केरबा ग्यानोबा बिरादार," ते म्हणाले. मग थांबले. "त्या दिशी फोन म्याच केला हुता."

आणि त्यांनी थर्न उचलला. तो निळा झाला. टिकटिक वाढत गेली. केरबांचे डोळे गच्च मिटलेले, हात लांब, जसा काही विंचू धरलाय.

"धरा, धरा," चांदपाशा म्हणाले. "चावत न्हाई त्ये."

टिकटिक थांबली. दिवा विझला. केरबांनी एक डोळा उघडला.

"पाशा, तवा म्या लई भ्यालो हुतो."

"मी पण भ्यालो होतो, केरबा," चांदपाशा म्हणाले. "मला पळता आलं न्हाई, एवढाच फरक."

बाहेर एक जीप हॉर्न वाजवत गेली. मग चांदपाशांनी खुर्चीवरचा लोखंडाचा कीस झटकला आणि ती केरबांकडे सरकवली. चहा सांगितला. केरबा बसले. थर्न मुठीतच होता.

तरी सबब, कलम सहाची अट माझ्या हयातीत पुरी झाली आहे. दक्षिणेची मोकळी जागा केरबांची. पाचवा थर्नही त्यांचाच. तो त्यांनी घरात दर्शनी ठेवावा, आणि कोणी विचारलं की हे काय, तर कोणी केलं ते सांगावं. दोन्ही नावं सांगावीत.

कलम ८. माझं जे करायचं ते साधं करावं. आमच्यात पुरतात, शेषेरावांशेजारी जागा आहे. त्यांच्याशी बोलायचं बरंच साठलं आहे, पण आता त्यात तक्रारीचं काही राहिलेलं नाही. निळ्या बांगड्यांचं तेवढं विचारणार आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी तनुजाने करावी, ती आता सज्ञान आहे. आधी केलेलं मृत्युपत्र नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही. लिहिलेलं दोनदा वाचलं, साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली.

ठिकाण : शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर
दिनांक : १२ डिसेंबर २०२५

सही : तुळजाबाई शेषेराव बिरादार

साक्षीदार :
१. रामकिशन दिगंबर शेळके, ग्रंथपाल
२. गंगम्मा बसवंत कोरे, शेजारीण (सही. अंगठा देणार नाही म्हणाल्या, मी शिकवली आहे.)

सहीखाली पोगराने ठोकलेली दोन टिंबं आहेत. एक माझं, दुसरं चांदपाशांचं. वकील स्वामी म्हणतात, कायद्यात याला काही अर्थ नाही, आणि कागदाला भोक पडलं ते वेगळंच. पडू दे. आमच्या वर्कशॉपच्या नेमाप्रमाणे वस्तू आता उंबऱ्याबाहेर जायला तयार आहे.