तिसऱ्या सिलिंडरचं नोजल

३० जून

एक इंजेक्टर निघत नाही! दोन हलवले तसे निघाले. तिसरा जसा इंजिनासंगच ओतला. कार्बननं धरलं सारं. भोवती डिझेल ओतून ठेवलं. धानाचे परे रोवायले आले, बांधीत पाणी आहे, अन् चिखल करायचा ट्रॅक्टर अंगणात उभा!

१ जुलै

डिझेलनं काही झालं नाही. पाना लावला, सटकला, बोटं फुटली. पुन्हा लावला — पुन्हा तेच. शीला चहा घेऊन आली. म्हणे, "तुमचा हात थरथरून राह्यला."

मी म्हटलं, पाना घासला आहे.

"काल जेवतानीबी थरथरत होता."

बायकोनं नवऱ्याच्या ताटाकडे काहून पाहत बसावं! चहा घेतला नाही.

२ जुलै

सत्यानाश. जोर लावला तं इंजेक्टरचा वरचा भाग फिरून हातात आला. नोजल खालीच, हेडमध्ये. आता धरायले काही नाही. लांजीहून राकेश मिस्त्रीले बोलावलं. त्यानं वाकून पाह्यलं, हात पुसले. "महागूभाऊ, हेड खोलना पड़ेगा. रोवणी झाल्यावर या."

रोवणी झाल्यावर! तोपर्यंत काय, ट्रॅक्टरची पूजा करू?

३ जुलै

पाऊस नाही. बांधीतलं पाणी उतरून राह्यलं.

४ जुलै

लांजीले गेलतो. लेथवाल्याकडून निघालेल्या वरच्या भागासारख्याच आट्यांचा लंबा बोल्ट बनवून आणला. बोल्ट खाली नोजलच्या टोपीत कसायचा, वर जाड पट्टी, पट्टीवर नट. नट कसत गेलं का नोजल वर आलंच पाहिजे.

पण आटे धरतच नव्हते. टोक भोकात गेलं का हात नाचे. डाव्या हातानं उजवा धरला, तरी तेच.

"सरका, मले पाहू द्या," शीला म्हणाली.

"हे बायकांचं काम नाही!" ओरडलोच मी. शेजारचे पाहायले लागले. ती हालली नाही. मीच आणखी एकदा करून पाह्यलं. मग पाना फेकला अन् आंब्याखाली जाऊन बसलो.

तिनं पदर खोचला. बोल्ट बोटांनी हळूहळू फिरवला. धरला! मग पाना. टक्कन आवाज झाला, नोजल वर. तळाशी तांब्याचा वायसर चिकटून होता, तोबी तिनं सायकलच्या चाकातल्या ताडीचा आकडा करून काढला.

"या, निघालं," म्हणे.

मले आनंद व्हायले पाहिजे होता. उठवलंच नाही.

६ जुलै

नवं नोजल बसवलं. म्हणजे शीलानं बसवलं, मी सांगत होतो. सेल मारला — चालू! ती म्हणाली, "आता उद्या गोंदियाले. डॉक्टरकडे." चिखल पडून आहे म्हटलं, तं किल्ली काढून कमरेले खोचली.

७ जुलै

डॉक्टरनं दोन्ही हात समोर धरायले लावले. चालून दाखवायले लावलं. पार्किन्सन म्हणते. औषधानं आराम पडन, जाणार नाही. ट्रॅक्टर चालवणं बंद.

लांजीले बसमधून उतरतानी तिनं माझा हात धरला — तोच, उजवा. सोडवून घेतला नाही.

९ जुलै

शीला सीटवर. क्लच एकदम सोडला, ट्रॅक्टर उडी मारून बंद पडला. बांधीच्या धुऱ्यावरून मी म्हटलं, "हळू सोड." ओरडलो नाही.

"हौ," ती म्हणाली, अन् पुन्हा सेल मारला.