बेचाळीस चौकोन आणि एक आत्या

तीर्थरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच, गोड मानून घे). तुझा गुडघा काय म्हणतोय? मी तब्येतीने ठणठणीत, पण अब्रूचं पार खोबरं झालं आहे.

तुला ठाऊकच आहे, तीन महिने मी एका इस्पितळाच्या संगणकांच्या सुरक्षेचा नकाशा काढत होते. प्रत्येक यंत्रणेचा एक चौकोन, कोण कोणाशी बोलतं त्याचे बाण, आणि प्रत्येक बाणावर पहारा (नियम एकच: कुणावरही विश्वास ठेवायचा नाही). बेचाळीस चौकोन झाले. बाहेरून रुग्णांच्या माहितीपर्यंत चोरवाट आहे का, हे शोधणारा प्रोग्राम त्यावर चालवला. एकही सापडली नाही! साहेब खूश. आता फक्त शेवटची परीक्षा, मग नोकरी कायम, म्हणाले.

परीक्षेला आली एक भाडोत्री चोर, म्हणजे पगार घेऊन घुसखोरी करून दाखवणारी बाई. दिसायला अगदी गरीब गाय. जेवणाच्या सुट्टीआधीच ती आत! माझ्या नावाने मदतकक्षाला फोन करून पासवर्ड विसरल्याचं सांगितलं. तिथे ओळख पटवायला तीन प्रश्न विचारतात: घरातलं लाडकं नाव, पहिली शाळा, मांजराचं नाव. बाईला तिन्ही उत्तरं तोंडपाठ. भर सभेत तिने ती पडद्यावर दाखवली. आता दारावरचा पहारेकरीसुद्धा मला ढब्बूताई म्हणतो.

आत्या, गेल्या मंगळवारी माझी शाळेतली मैत्रीण समजून जिच्याशी तू पाऊण तास बोललीस, ती हीच. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत होतं, पण मांजराचं बाळंतपणसुद्धा सांगितलंस (अहवाल, पान सात)? दोन दिवस फार रागावले होते. पण चूक माझीच. नकाशात मी यंत्रं काढली, माणसं काढलीच नाहीत. आता साहेबांच्या हुकमावरून त्रेचाळिसावा चौकोन काढला आहे. नाव: आत्या. येणारे बाण: कुणाचेही. पहारा: नाही.

शुक्रवारी फेरपरीक्षा आहे. नापास झाले तर घरी बसायचं, आणि मला ही नोकरी मनापासून हवी आहे गं.

तुझी लाडकी
(नाव मुद्दाम लिहिलेलं नाही)

ता. क. ती बाई पुन्हा फोन करेल. कितीही गोड बोलली तरी विरघळू नकोस. मी तुझी कुणीच नाही, असं सांग.

आणखी ता. क. तिन्ही उत्तरं बदलून खोटी ठेवली आहेत, पण ती माझ्याच लक्षात राहत नाहीत, आणि ऑफिसात लिहून ठेवायला बंदी आहे. म्हणून मागच्या पानावर लिहिली आहेत. जपून ठेव, शुक्रवारी सकाळी फोन करून विचारीन. मीच बोलते आहे याची खात्री कशी करायची, असले प्रश्न मात्र विचारत बसू नकोस. घाईत असेन.