लाईनीच्या दिवशीची गोळी

प्रिय दादूस,

तुझ्याच गाडीत बसून लिहितोय, स्टेअरिंगवर कागद ठेवून. बंदराच्या गेटची लाईन पार उड्डाणपुलापर्यंत आली आहे. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मधे मी. तू गेल्यापासून या केबिनमध्ये बसायला कुणी तयार होईना, म्हणून आज चावी मीच घेतली. शेठ झाल्यापासून गाडी चालवणं सुटलं होतं. हात मात्र काही विसरले नाहीत.

वाटलं होतं, तुझ्या सीटवर बसल्यावर रडू येईल. नाही आलं. एसी लावला, आरसा माझ्या उंचीला केला, निघालो.

लिहायचं कारण सांगतो. परवा शिबिरात मशीनने माझंही ब्लडप्रेशर जास्त दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी तुला दिली होती तीच गोळी मला दिली. आज सकाळी पहिली घेतली. आणि दादूस, आता मला खाली उतरायचंय. हसू नकोस!

तू गेलास त्या दिवशी पंढरीचा फोन आला होता. त्याची गाडी लाईनीत तुझ्याच मागे होती. "शेठ, दादूसची गाडी हलत नाय." मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. इंजिनाचा आवाज ऐकून मी बिघाड सांगतो म्हणून तू यार्डभर माझी टिंगल करायचास ना? त्याच मी काय विचारलं असेल? "क्लच गेला का?"

क्लच! नुसते हॉर्न ऐकू येत होते. प्रेशरने तुझ्या डोक्यातली नस फुटली, हे नंतर कळलं. मला वाटतं, मी अजून त्या क्लचपाशीच आहे. पुढचं काही आत गेलेलंच नाही.

आपल्या यार्डातलं पहिलं तपासणी शिबिर आठवतं? चष्म्यासाठी तुमची सगळ्यांची झोंबाझोंबी. तू चष्मा नाकावर चढवलास, समोरची नंबर प्लेट वाचलीस आणि ओरडलास, "आयला, ही तं आपलीच गाडी हाय!" त्यानंतर तो चष्मा कधी उतरला नाही. कुणाला समजवावं लागलं? लावला की दिसतं, काढला की धूसर. विषय संपला.

गोळीचं तसं नव्हतं. घेतली तरी तू तोच, नाही घेतली तरी तोच. "दुखत नाय, खुपत नाय, मंग गोली कशाला?" असं विचारायचास. मी म्हणायचो, डॉक्टर सांगतात ते ऐक. हे काय उत्तर झालं?

त्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मीठ कमी करा." मग काय! "बाय, आमच्या बापानं मिठागरात जन्म काढला. नव्या घरात आमचं पहिलं मीठ येतं, मंग मानूस. आनि तू मना मीठ सोडाला सांगतंस?" सगळे हसले, त्याही हसल्या. वहिनीने कालवणात मीठ कमी केलं, तर तू ताटात सुकट वाढवून घेतलीस. गाडीच्या पूजेला ठेवलेली मिठाची पुडी अजून इथेच आहे, एकवीरा आईच्या फोटोपाशी. मी हलवलेली नाही.

दहाव्याला खाडीवरून परतताना पंढरी हळूच म्हणाला होता, "शेठ, दादूस लाईनीच्या दिवशी गोली घेत नव्हता. घेतली का सारखं उतरावं लागतं." मी मान हलवली. ऐकलं कुठे?

आज ऐकतोय. पुलावर उतरून जायचं कुठे? उतरलास आणि तेवढ्यात लाईन हलली, की मागचे पुढे घुसतात. गेटच्या आत तर केबिन सोडूच देत नाहीत. बाकीचे रिकामी बाटली ठेवतात. तू ठेवणार? एकवीरा आईसमोर? शक्यच नाही.

घरी असलास की वहिनी रोज गोळी हातावर ठेवायची, तूही गुपचूप घ्यायचास. आणि शिबिर नेमकं सुट्टीच्या दिवशी! मशीनसमोर दर वेळी गोळी घेतलेला, सुट्टीतला दादूस बसायचा. लाईनीतला दादूस त्या मशीनने कधी पाहिलाच नाही.

आत्ता इथूनच डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"हो काका, या गोळीने लघवी जास्त होते."

"दुसरी नसते का?"

"असते की. बदलून देते. दादूसकाकांनी सांगितलं असतं तर त्यांनाही दिली असती." मग म्हणाल्या, "मीही विचारलं नाही, काका. दिवसभर गाडीतून उतरताच येत नाही, हे मला माहीतच नव्हतं."

त्यांना लाईन माहीत नव्हती, तुला दुसरी गोळी माहीत नव्हती. दादूस, शिव्या घालून अख्खं यार्ड दणाणून सोडायचास तू! मुलीच्या वयाच्या बाईसमोर एवढा एक शब्द तोंडातून निघाला नाही?

फोन ठेवला, तरी रडू नाहीच. पण पंढरी आठवला. त्यालाही हीच गोळी आहे. आजही तो माझ्या मागच्याच गाडीत आहे. त्याला फोन लावला.

"पंढरी, गोळी घेतलीस आज?"

"घेतली ना, शेठ."

कसं पटकन बोलला! अगदी तुझ्या "घेतो रं" सारखं. तेव्हा ते माझ्या कानावरून गेलं. आज नाही गेलं.

मी म्हटलं, "मी पण घेतलीय, आणि मला जोराची लागलीय. खरं सांग."

मग म्हणाला, "नाय घेतली, शेठ. महिना झाला."

दादूस, शब्द देतो. उद्या पंढरीला मी स्वतः घेऊन जाईन. डॉक्टरीणबाईंसमोर तो लाजेचा शब्द आधी मी उच्चारेन, म्हणजे त्याला जड जाणार नाही. पुढचं शिबिर कामाच्या दिवशी, लाईनीतून सुटलेल्या माणसांचं. आणि प्रेशरचा आकडा घ्यायच्या आधी प्रत्येकाला एकच विचारायचं: गोळी घेतल्यावर तुझा दिवस कसा जातो?

आता उतरतो. पंढरीलाही खाली बोलावलंय. लाईन हलली आहे, आमच्या दोन गाड्या तेवढ्या जागच्या जागी. मागे हॉर्न सुरू झालेत. आज वाजू देत.

तुझा,
बारक्या