बॅटरी गेली म्हणे

प्रिय संस्कृती,

आपली हसीना बांगडीवाली तुझ्या सासूच्या हातात बांगड्या चढवतेय, तोवर आत जाऊन हे वाचून घे. मी तिला मुद्दाम एक माप लहान घ्यायला सांगितलंय, त्यामुळे वेळ लागेल. वाचून झालं की कागद हसीनाकडेच परत दे, घरात ठेवू नकोस. माझं अक्षर चौथीतच थांबलं, तेव्हा नावं ठेवत बसू नकोस.

दोन महिने झाले, तुझा फोन लागत नाही. तुझ्या नवऱ्याला लावला की एकच उत्तर, "तिच्या मोबाईलची बॅटरी गेलीय आजी, टाकायचीय." तुझा बाप तसलाच. भीमा म्हणतो, "गेली असंल बॅटरी. तू कशाला डोकं लावती, आई?" माझ्या पोटचा असून एवढी अक्कल! शेवटी मी एस.टी.नं नेवाशाला गेले आणि मोबाईल दुरुस्त करणाऱ्या परवेझला विचारलं, नवी बॅटरी टाकायला किती वेळ लागतो. तो म्हणाला, "अर्धा तास, आजी. लई तर पाऊण." आणि यांना दोन महिने पुरले नाहीत.

आणि तुझी बॅटरी जाईलच कशी? चार वर्षांपूर्वी नगरला कॉलेजात होतीस तेव्हा सुट्टीत आलीस आणि हा फोन माझ्या हातात ठेवलास. सोबत हा एवढा उपदेश. वीसच्या खाली उतरू द्यायचा नाही, ऐंशीच्या वर न्यायचा नाही. मी म्हटलं, माणसाला तरी पोटभर जेवू देतात! तर म्हणालीस, आजी, रोज गळ्यापर्यंत जेवून पडून राहिलं की माणूस टिकतो का? रात्रभर लावून ठेवायचा नाही, लावताना कव्हर काढायचं, बाजारातला स्वस्तातला चार्जर नको. एकदा चुलीमागच्या फळीवर ठेवला तर केवढी खेकसलीस माझ्यावर. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. ऐंशी दिसले की मी वायर उपसते, मग तव्यावर भाकरी करपली तरी बेहत्तर. परवेझनं फोनमध्ये बघून सांगितलं, चार वर्षं वापरून बॅटरी अजून शंभरातली अठ्ठ्याऐंशी शाबूत आहे. त्याला खरंच वाटेना. "कुनी शिकवलं, आजी?" म्हणाला. म्हटलं, नातीनं. आणि त्याच नातीच्या, लग्नात घेतलेल्या फोनची बॅटरी दीड वर्षात गेली म्हणे. दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

गेल्या महिन्यात मी येऊन गेले ना. तुझी सासू आपल्या दोघींच्या मध्ये बसली ती मी उठेपर्यंत. गुडघा चेप म्हणून तुला जवळ बोलावलं तर बाईनं स्वतःच चेपला, पिळून काढला अगदी. तू तीनदा पाणी आणलंस, एकदाही वर बघितलं नाहीस. लहानपणी मडकं फोडलं तरी माझ्या डोळ्यात डोळे घालून "मीच फोडलं" म्हणायचीस तू.

म्हणून माझा फोन पाठवतेय. हसीना तुला देईल त्या खोक्यात बांगड्यांच्या खाली फडक्यात आहे, चार्जरही आहे. निम्मा भरून बंद केलाय. पडून राहणार असेल तर निम्माच ठेवायचा, रिकामा पडला की कायमचा जातो, तूच शिकवलंस. तापत्या पत्र्याजवळ ठेवू नकोस, साड्यांच्या घडीत ठेव. पण लावशील तेव्हा घडीतून बाहेर काढ, नाहीतर उबेनं तापेल. सासू भजनाला गेली की लावायचा, ऐंशीला काढायचा. परवेझनं आवाज बंद करून दिलाय. बेतानं वापरलास तर तीन दिवस सहज निघतील. भीमाचा फोन मी माझ्याकडे घेऊन ठेवलाय, तोच नंबर लाव. त्याला सांगितलं, माझी बॅटरी गेली. पटलं त्याला, लगेच पटलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तुझ्या लग्नानंतर चौथ्या महिन्यात एका दुपारी तुझा फोन आला होता. "आजी, मला इथं…" एवढंच म्हणालीस. मी म्हटलं, "बॅटरी उतरली गं बाई, ठेवते." उतरली नव्हती. चौसष्ट होती. सोयरीक मीच जमवलेली, पुढचं ऐकायची माझी छाती झाली नाही. फोन ठेवला आणि मेथी निवडत बसले. त्यानंतर तू तसा फोन कधी केला नाहीस. केलास ते पावसाचं विचारायला, म्हशीचं विचारायला. तुझ्या सासरच्यांनी बॅटरीवर खोटं ढकललं ते आत्ता, मी त्यांच्या कितीतरी आधी. तेव्हा फोन लाव आणि ते वाक्य पुरं कर. रडायचं असेल तर रड, मला शिव्या घालायच्या असतील तर घाल, मी ठेवणार नाही. आणि एवढं बोलायला जमलं नाही तर "ने मला" म्हण, बास. हसीनाच्या जावयाला टेम्पो तयार ठेवायला सांगितलंय. मी दारात येऊन उभी राहीन. चहाला थांबणार नाही.

तुझीच, गुडघे दुखले तरी चालणारी आजी,
मनकर्णा