एक जूनच्या पोरी

१४ जून १९९६

नाव काढलं! चार वर्षं मी या संघाचा गोल राखला आणि आज माळेगाव साखर कारखान्याच्या गाडीतळावर जोतीराम सरांनी यादी वाचली तर गोलकीपर म्हणून तेजश्री! मला वाटलं, सर चुकले. "सर, माझं?" म्हटलं, तर कागदाची घडी करून खिशात घातली. "ज्योत्स्ना, जरा हिकडं ये."

वजनकाट्याच्या मागे नेऊन सांगितलं. म्हणे जिल्हा संघटनेला कळलंय, माझी खरी जन्मतारीख चौदा ऑक्टोबर शहात्तर आहे. आणि सत्त्याहत्तरच्या आधी जन्मलेली मुलगी एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेत चालत नाही. अडीच महिन्यांनी मी म्हातारी!

"कुणी कळवलं?"

"वरनं कळलंय. कुणी, ते इचारू नगंस. तरास तुलाच हुईल."

मलाच त्रास होईल. म्हणजे माझ्याच जवळचं कुणीतरी. सर, एवढं सांगितलंत ते पुरे झालं.

१५ जून

डोकं शांत ठेवून लिहिते.

शाळेच्या दाखल्यावर माझी तारीख एक जून सत्त्याहत्तर. माझी एकटीचीच कुठे? आमच्या अकरा जणींपैकी नऊ जणी एक जूनच्या! गुरुजींनी पोरगी पुढ्यात उभी करायची, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता येतो का बघायचं, आणि लिहून टाकायचं एक जून. बारामती तालुक्यातल्या सगळ्या आया एकाच दिवशी बाळंत! हे सरांना माहीत आहे, संघटनेला माहीत आहे. कुणी ब्र काढत नाही.

पण आमच्या घरात माझा खरा दिवस पक्का आहे. धम्मदीक्षेला बरोबर वीस वर्षं झाली, त्या दिवशी मी जन्मले. बाबा दरवर्षी वंदना झाली की जळोचीच्या आमच्या वस्तीत खीर वाटतात. वस्तीला ते ठाऊक, पण वस्तीला फुटबॉलशी काय देणंघेणं? संघात हे एकीलाच माहीत होतं. नकोशीला. दोन वर्षांपूर्वी इंदापूरहून हरून येताना एसटीत मागच्या सीटवर बसून मीच सांगितलं. तिनंही तिचं सांगितलं होतं. शपथा घेतल्या होत्या आम्ही!

आता कॅप्टन कोण? नकोशी. यादीवर सही कुणाची? नकोशीची. तेजश्री कोण? नकोशीची चुलतबहीण. झालं! केसानं गळा कापला.

या वर्षीच्या स्पर्धेतून दोघींना राज्याच्या शिबिराला नेणार आहेत. मागच्या वर्षी निवड समितीतले गृहस्थ मला म्हणाले होते, पुढच्या वेळी तूच. तीनशे पासष्ट दिवस मी त्या एका वाक्यावर काढले.

बाबांना सांगितलं, वयामुळे काढलं. डेपोतून नुकतेच आले होते, हाताचं ग्रीस काढत होते. म्हणाले, "खरं आहे ते खरं आहे. पुढच्या वर्षी मोठ्या बायकांच्या संघात खेळ." बाबा, मोठ्या बायकांचा संघ आहे कुठे इथे? मोठ्या बायका शेण काढतात.

१८ जून

नकोशी आली होती. वडगावहून सायकल मारत. मी दारातच उभी राहिले, आत ये म्हटलं नाही.

"मी न्हाय सांगितलं गं कुणाला."

"मग सही का केलीस?"

"सही न्हाय केली तर अख्खा संघ बाद व्हतोय. तू मोठी हायस तर हायस, मी काय करू त्याला?"

ऐकलंत? मोठी हायस तर हायस! चोर तो चोर वर शिरजोर. मी दार लावलं. आई आतून म्हणाली, "पोरीला च्या तरी द्यायचा." पाणीही देणार नाही!

बराच वेळ सायकल वाजली नाही. मग गेली.

२३ जून

पहिली मॅच गाडीतळावर. जाणार नव्हते. गेले.

हंगामात इथे उसाच्या बैलगाड्या उभ्या असतात. पट्टा पडला, गाळप संपलं, की जागा आमची. चाकोऱ्या मात्र तशाच राहतात. डाव्या खांबापाशी एक चाकोरी आहे, तिच्यात चेंडू पडला की उजवीकडे वळतो. हे माझ्या पायांना माहीत आहे. तेजश्रीला कुणी सांगितलंच नाही! चेंडू वळला, ती भलतीकडेच पडली, गोल. दाराला पडदा लावावा तशी गोलात उभी असते ती. वारा आला की बाजूला.

तरी जिंकल्या. नकोशीनं दोन चढवले.

रंगूबाईनं मला कोपऱ्यात गाठलं. वडगावच्या डेअरीवर दूध घालून झालं की त्याच टेम्पोतून सात-आठ बाया घेऊन ही बाई आमच्या प्रत्येक मॅचला येते, आणि पितळी ताट बडवते. मी चेंडू अडवला की ओरडायची, "पोरगी हाय का भिताड!" आज म्हणाली, "भिताडच काढून ठिवलं व्हय गं? मग घर कसं ऱ्हाईल?" मला रडू आलं. तिला वाटलं, डोळ्यात धूळ गेली. पदरानं डोळा पुसून फुंकर घातली.

या बायांसमोर माझं नाक कापलं. हे मी विसरणार नाही.

२५ जून

ठरलं. जशास तसं.

एसटीत नकोशीनं मला काय सांगितलं होतं, ते लिहूनच ठेवते. तिच्या पाठचा भाऊ झाला तेव्हा त्याला सांभाळायला तिला घरी ठेवली. शाळेत गेली ती दोन वर्षं उशिरा. तोवर हात कानाला लागून पार खांद्यावर यायची वेळ आलेली, पण गुरुजींनी लिहिलं सहा पूर्ण, एक जून अठ्ठ्याहत्तर. खरी ती शहात्तरची आहे. माझ्याहूनही मोठी!

मी अडीच महिन्यांनी बाद आणि ही माझ्याही आधीची असून कॅप्टन. वा!

२ जुलै

वडगाव निंबाळकरला जाऊन आले. कॉलेजला जाते म्हणून घरातून निघाले.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक नव्हते. शिपाई दत्तोबा होते. सांगितलं, एका मैत्रिणीच्या शिष्यवृत्तीसाठी जन्माची नोंद बघायची आहे. त्यांनी मोठी वही काढून टेबलावर आपटली. "तुमीच हुडका बाई. चष्मा घरी ऱ्हायलाय माझा." आणि बाहेर तंबाखू मळत बसले. एवढं सोपं!

सापडलं. पान एक्केचाळीस. ९ मार्च १९७६. आईचं नाव कुशाबाई. अपत्य — स्त्री. बाळाच्या नावाच्या रकान्यात लिहिलं आहे, "नाव नाही".

चौथी मुलगी. कुणी नावच घातलं नव्हतं. मग नको असलेली म्हणून नकोशी. हे मला माहीत होतं, पण असं लिहिलेलं बघितलं नव्हतं. थोडा वेळ त्या रकान्यावर बोट ठेवून बसले. मग तेजश्री गोलात उभी राहिलेली आठवली. पान नंबर लिहून घेतला.

येताना वाटेत कुशाबाई भेटल्या! डोक्यावर गवताचा भारा. "ज्योस्ना? घरी न यिता चाललीस व्हय? भांडलाय का दोगी?" मी म्हटलं, एसटी चुकेल. एसटीला अजून अर्धा तास होता.

३ जुलै

डाव्या हातानं लिहिलं. जिल्हा संघटनेला पत्र टाकलं. खाली — एक फुटबॉलप्रेमी.

१४ जुलै

काही नाही. संघटना झोपली आहे काय? माझ्या वेळी बरे जागे होते सगळे!

दुसरी मॅचही जिंकल्या. नकोशीचे तीन. पेपरात नाव आलं. वडगावच्या चौकात म्हणे तिच्या भावानं तो पेपर चहाच्या दुकानात चिकटवला आहे. हाच भाऊ पहिल्या वर्षी तिला चड्डीवर खेळते म्हणून मारायला धावला होता. नाव छापून यायला लागलं तसा गप्प झाला. चिकटव बाबा, चिकटव. लवकरच दुसरं चिकटवायला मिळेल.

२१ जुलै

आई म्हणते, तू जेवत नाहीस. जेवते की. राग जेवणाच्या आधी पोट भरतो, त्याला मी काय करू.

४ ऑगस्ट

झालं!! सगळं सविस्तर लिहिणार.

फायनल इंदापूरला, इंदापूरच्याच संघाशी. मी रंगूबाईच्या दुधाच्या टेम्पोतून गेले. रिकाम्या कॅनवर बसून. बायांना वाटलं, ज्योत्स्नानं राग सोडला. एकीनं मला भाकरी-ठेचा दिला. खाल्ला.

हाफटाइमपर्यंत आमचा एक, त्यांचे शून्य. गोल नकोशीचाच. अर्ध्या मैदानातून एकटी घुसली, दोघींना चकवलं. माझ्या तोंडून "मार!" निघून गेलं. सवय, दुसरं काय. रंगूबाईचं ताट थांबेना.

हाफटाइमला संघटनेचा माणूस मैदानात आला. हातात कागद. सर पुढे गेले, सरांचा चेहरा पडला. नकोशीला बोलावलं. ती आधी हसत गेली, तिला वाटलं शिबिराचं सांगताहेत. मग काय बोलले ऐकू आलं नाही. तिनं बाहीवरची कॅप्टनची पट्टी सोडली. कुणाकडे द्यायची ते तिला कळेना. ती पट्टी हातात धरून रेषेच्या बाहेर येऊन उभी राहिली.

सामना थांबवला. आमचा संघ बाद. चषक इंदापूरला. दोन वर्षं आम्हाला कुठल्याच स्पर्धेत प्रवेश नाही. हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, माझ्यासारखं तिचंच फक्त नाव काढतील. पण माझं सामन्याआधी निघालं, ती खेळून बसली होती. असो. तेजश्री रडत होती. रडू दे!

मी भेळ खाल्ली. तिखट मागून घेतली.

येताना टेम्पोत कुणी बोललं नाही. रंगूबाई ताट मांडीवर पालथं घालून बसली होती. बारामती आल्यावर एवढंच म्हणाली, "आता ऐतवारी कुटं जायाचं गं आमी?"

५ ऑगस्ट

शांत झोप लागली. दीड महिन्यात पहिल्यांदा. ज्यानं खड्डा खणला तोच पडला. फिटंफाट!

९ ऑगस्ट

बाजारात रंगूबाई भेटली. नकोशीच्या भावानं तिचे बूट चुलीत घातले. रबराचा वास गल्लीभर सुटला होता म्हणे. "पेपरात नाव आलं की गं, खोटी म्हून. घराचं नाव घालवलं म्हनला." स्थळं बघायला लागलेत. दिवाळीनंतर उरकणार.

तिच्या बुटांच्या नाड्या माझ्या होत्या. माझ्या जुन्या बुटांच्या.

चांगलं झालं. चांगलंच झालं. हे दोनदा का लिहिलं मी?

१८ ऑगस्ट

नकोशी आली. चालत! सायकल भावानं काढून घेतली. या वेळी आईनं मला विचारलंच नाही, तिला सरळ आत घेतली, चहा ठेवला.

मी तयारीत होते. आता ओरडेल, पत्र तूच लिहिलंस म्हणेल. सगळी उत्तरं पाठ करून ठेवली होती. तूही तेच केलंस, माझी वेळ आली तेव्हा तुला काही वाटलं नाही, सगळं.

ती म्हणाली, "माफ कर. तुजं नाव काढलं तवा मी लई तोडून बोलले. आता कळलं कसं वाटतं ते."

मग चहा बशीत ओतून, फुंकत, विचार करत बसली. "माजी तारीख कुनाला ठावं असल? आईला. आन् तुला. आई तर पोस्टात कदी गेलीच न्हाय. तुजं सोड, तू न्हायच सांगनार." बोटांवर मोजत होती. "मग कोन गं असल?"

मी म्हटलं, चहा गार होतोय.

तिनं सांगितलंच असणार माझं. मग एवढ्या सरळ डोळ्यांनी कशी बघते? नाटकी! एवढं नाटक तिला कुठून येतं? मॅचमध्ये साधं पडल्याचं सोंगसुद्धा तिला जमत नाही.

२१ ऑगस्ट

संघ बंद. सरांनी संघाची फाइल नीट लावायला घरी दिली, माझं अक्षर चांगलं म्हणून. तळाशी पालकांची संमतीपत्रं. सगळी सरांनीच भरलेली — एक जून, एक जून, एक जून — खाली अंगठा नाहीतर वेडीवाकडी सही. एकच निळ्या शाईत. बाबांचं अक्षर. वाचता येणाऱ्या माणसानं कोरा कागद सही करून देऊ नये म्हणून त्यांनी स्वतः भरलेलं. जन्मतारीख १४ ऑक्टोबर १९७६. तिच्याभोवती संघटनेच्या लाल पेन्सिलीचा गोल.

कुणीच कळवलं नव्हतं.

नकोशी बाहेर ओट्यावर आहे. लग्नाआधी होमगार्डमध्ये नाव लागतं का बघायचं म्हणून बाबांकडून अर्ज भरून घेते आहे. बाबा विचारताहेत, "पोरी, जन्मतारीख सांग. खरी सांग."

"मला नीट ठावं न्हाय ओ काका. ज्योत्स्नाला इचारा, तिला ठावं हाय."